समुद्रकाकडीतील शर्करेने सांध्यांची सूज कमी होते का?

मोगरा_७ : माझी आत्या मलेशियात राहते. तेथे समुद्रकाकडी या सागरी प्राण्याला ‘गामात’ म्हणतात आणि तिचे तेल व कॅप्सूल सर्रास विकल्या जातात. आत्याने माझ्या आईच्या गुडघेदुखीसाठी अशा कॅप्सूलची बाटली पाठवली असून तिच्यावर ‘सूज कमी करणारी सागरी शर्करा’ असा उल्लेख आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून आई वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेते. या दाव्यात तथ्य आहे का, आणि आईने त्या कॅप्सूल घ्याव्यात का?

जीवरसायन : दाव्याचा उगम खरा आहे. समुद्रकाकडीच्या जाड कातडीत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या शर्करेच्या साखळीची एक निराळी जात असते. आपल्याकडे सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या कॉन्ड्रॉइटिनसारखाच तिचा कणा, म्हणजे रेणूची मूळ साखळी असते, परंतु त्यातील ग्लुक्युरॉनिक आम्ल या घटकाला सल्फेटयुक्त फ्यूकोज शर्करेच्या फांद्या जोडलेल्या असतात आणि सारी करामत या फांद्यांची आहे. सूज येते तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशी सिलेक्टिन नावाच्या प्रथिनांच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवर रेंगाळतात आणि मग ऊतींत शिरतात. ही शर्करा पी व एल या दोन सिलेक्टिनांना स्वतःच चिकटून ती पकड मोडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रयोगशाळेतील चाचण्यांत तिचा हा परिणाम हेपॅरिन या रक्त न गोठू देणाऱ्या औषधाच्या चार ते आठ पट आढळला आणि उंदरांमध्ये सूज आलेल्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटल्या. फ्यूकोजच्या फांद्या काढून टाकताच परिणाम नाहीसा झाला. मात्र हे प्रयोग शुद्ध केलेल्या शर्करेचे होते. वाळवलेल्या प्राण्याच्या भुकटीत ती किती असते हे बाटलीवरून कळत नाही, शिवाय एवढे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत.

डॉ_गावठाण : वरील प्रतिसादात हेपॅरिनचे नाव आले आहे, ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. हीच शर्करा रक्त गोठण्याच्या साखळीतही अडथळा आणते, किंबहुना रक्त न गोठू देणारे औषध म्हणूनच तिचा अधिक अभ्यास झाला आहे. वॉरफरिन घेणाऱ्या आणि कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतील आकडा) ठरावीक मर्यादेत राहिला पाहिजे, त्यामुळे अज्ञात मात्रेच्या अशा वस्तूची त्यात भर घालणे मला मुळीच पटत नाही. बाटली हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर सुरू करू नका. वेदनाशामक गोळ्याही परस्पर देऊ नका. त्यांतील अनेकांनी वॉरफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

किनारा : येथे कोणी ‘मग भारतातच मिळेल का’ असे विचारण्यापूर्वी सांगतो, २००१ साली समुद्रकाकड्यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत समावेश झाला. तमिळनाडूलगतच्या मन्नारच्या आखातात त्या पकडणे व विकणे हा गुन्हा आहे, तरीही चोरटी वाहतूक सुरूच असते.

मोगरा_७ : आभारी आहे. पुढील आयएनआर तपासणीच्या वेळी बाटली सोबत नेते. गुडघ्यांसाठी आईच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी फिजिओथेरपी सांगितली होती, ती आता नियमित सुरू करू.