सेवा क्लबात नवे सदस्य टिकत का नाहीत?

कोथरूडकर: आमच्या क्लबात गेल्या वर्षी ११ नवे सदस्य आले आणि त्यांपैकी ७ जणांनी दिवाळीनंतर येणेच सोडले. वर्गणीबद्दल विचारायलाही कोणी फिरकले नाही, हे अधिक लागले. चूक कुठे होत असावी?

माजी सचिव, सदाशिव पेठ: नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात काम द्यावे. आमच्याकडे एक तरुण अभियंता तीन सभा मागच्या खुर्चीवर बसून, बटाटावडा खाऊन निघून गेला. चौथ्या वेळी त्याच्याकडे रक्तदान शिबिराची नोंदवही सोपवली, तेव्हापासून तो सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो. शिकागोत १९०५ मध्ये रोटरी सुरू झाली तेव्हा सभा पाळीपाळीने सदस्यांच्या कचेऱ्यांत भरत (नावही त्यावरूनच पडले), त्यामुळे यजमानपण प्रत्येकाच्या वाट्याला येई.

हडपसरवासी: साडेसहाची सभा आणि हिंजवडीहून सुटणारा माणूस यांचा मेळ बसणे कठीण आहे. रोटरीनेही २०१६ मध्ये नियम शिथिल करून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा क्लबांना दिली.

कोथरूडकर: आमचा पहिला पाऊण तास शाल-श्रीफळातच जातो, हे आता लिहिताना ध्यानात आले. नोंदवहीचा प्रयोग येत्या शिबिरात करून पाहतो.