मदत हवी आहे: दुर्घटनेनंतरच्या घरभेटी

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात मुंबईत चाळ कोसळली की आमच्या चर्चचे स्वयंसेवक दोघादोघांनी घरभेटीला जातात. बघा, ऐका, योग्य ठिकाणी जोडून द्या, हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी पाणी, बीपी-शुगरच्या गोळ्या, मोबाइल चार्जिंग, हरवलेलं रेशनकार्ड. प्रार्थना विचारूनच. "नक्की काय झालं?" असं खोदून विचारत नाही, पहिल्याच दिवसांत सगळं वदवून घेतल्याने काहींचा त्रास उलट वाढतो.

घोडं अडतं पुढे. महिनाभराने माणसांची वर्दळ थांबते. तोवर झोप उडालेली, भांडं पडलं तरी दचकणं, ती गल्ली टाळणं चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावंच लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतो, पण संक्रमण शिबिरातल्या एका खोलीत सासू-मुलं समोर असताना फोन करणार कुठून? आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायला हवं (विचारल्याने विचार डोक्यात येतो हा गैरसमज), ते तिथे कसं विचारता? बाहेर पॅसेजमध्ये नेलं तर शेजारी कान देऊन असतात.

शिवाय "देवाची इच्छा" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना न दुखावता कसं आवरता? मनाचा त्रास ओळखायला बोली मराठीतली एकपानी प्रश्नावली कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. पुस्तकी भाषांतर नको, लोक ऐकतच नाहीत.