मदत हवी आहे: स्वतः बनवलेला रहस्यकथेचा रोलप्ले गेम खरंच चालतोय का, हे कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर मी एक टेबलटॉप रोलप्ले गेम बनवतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ. एक गेममास्टर (गोष्ट सांगणारा, खेळ चालवणारा), बाकीचे तपास करणारे, दोन साधे फासे आणि दर वेळी एक गुन्हा. नियम १९ पानांत मावतात. आतापर्यंत चारदा खेळून झाला. चारही वेळा गेममास्टर मीच होतो आणि चारही वेळा उकल झाली. सगळे म्हणाले, मजा आली. ती मजा नियमांमुळे आली की मी ऐनवेळी सांभाळून घेतलं म्हणून, हेच मला कळत नाहीये.

एक प्रसंग सांगतो. पहिलं प्रकरण दीपगृहातलं आहे. रखवालदार सकाळी मेलेला सापडतो. नोंदवहीत लिहिलंय 'दिवा रात्रभर चालू', पण दिव्याची टाकी तेलाने काठोकाठ भरलेली. म्हणजे दिवा लागलाच नव्हता, नोंद खोटी आणि खून अंधार पडायच्या आधीचा. मला हा पुरावा अगदी स्वच्छ वाटत होता. तिसऱ्या खेपेला एक मैत्रीण टाकी भरलेली आहे हे ऐकताच म्हणाली, "म्हणजे पहाटे कुणीतरी तेल ओतलंय." तिचा तर्क बिनचूक होता, फक्त माझ्या डोक्यातला नव्हता. पुढची चाळीस मिनिटं सगळे तेल ओतणाऱ्याला शोधत बसले. शेवटी मी वातीचं वर्णन केलं: कोरी, पांढरीशुभ्र, काजळीचा ठिपकाही नाही. गाडी रुळावर आली. पण ती वात माझ्या लिखाणात कुठेच नव्हती! दुसऱ्या कुणी हे प्रकरण चालवलं असतं तर खेळ तिथेच अडकला असता.

दुसरी अडचण फाशांची. बेरीज ७ किंवा जास्त आली की पुरावा सापडतो. ३६ पैकी २१ वेळा, म्हणजे सुमारे ५८ टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण उकल व्हायला पाच पुरावे लागतात आणि प्रत्येक पुराव्यासाठी फासे टाकायची एकच संधी. पाचही मिळण्याची शक्यता ७ टक्क्यांच्याही खाली जाते. हे गणित मी चौथ्या खेळानंतर मांडलं. म्हणजे दर वेळी मीच कुठे ना कुठे पुरावे हातात ठेवले असणार.

रोलप्ले गेमवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन पुराव्यांचा नियम वाचलाय: प्रत्येक निष्कर्षासाठी तीन वेगवेगळे पुरावे पेरायचे. माझ्या फाशांवर तो लावला तर तीच शक्यता साधारण ६९ टक्क्यांवर येते. गेम डिझायनर रॉबिन लॉज यांच्या गमशू (GUMSHOE) या तपासकथांच्या खेळपद्धतीत मुख्य पुराव्यासाठी फासे टाकायचेच नसतात. योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतो आणि पुरावा मिळतो. मला हेच जास्त पटतं, कारण रहस्यातली खरी गंमत पुराव्याचा अर्थ लावण्यात आहे. मग फासे फक्त किंमत ठरवतील: किती वेळ गेला, गुन्हेगार सावध झाला का. हा बदल पुढच्या मसुद्यात करतोय.

आता तुमचा सल्ला हवाय. पुढची चाचणी दुसऱ्या कुणाच्या हातात लिखाण देऊन करायची आहे. अशा वेळी मी तिथे गप्प बसून टिपणं घ्यावीत, की खोलीतच नसावं? मी समोर असलो की खेळाडू माझा चेहरा वाचतात, हे दोनदा जाणवलंय.

खेळानंतर 'आवडलं का' विचारून काही हाती लागत नाही. त्याऐवजी दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने संशयिताचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहायचं, असं ठरवतोय. कुणी करून पाहिलंय का? की त्याने खेळाची लय तुटते?

आणि सर्वांत अवघड प्रश्न: रहस्य एकदा उलगडलं की तो खेळाडू त्या प्रकरणासाठी कायमचा बाद. नवं प्रकरण दिलं तर बिघाड नियमांत आहे की प्रकरणात, हे वेगळं कसं काढायचं?

दुसऱ्याने लिहिलेलं प्रकरण ज्यांनी चालवलंय, त्यांच्या अनुभवाची मला विशेष गरज आहे. दीपगृहातली मेख वर फुटलीच आहे, त्यामुळे चाचणीसाठी वेगळं प्रकरण लिहून ठेवलंय. कुणी गेममास्टर व्हायला तयार असेल तर कळवा, पूर्ण मसुदा पाठवतो.