मदत हवी: १९६५ इम्पाला, टीएच-३५० (तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बसवतोय. गिअर हाताने बदलायचे आहेत, फुल मॅन्युअल करू की शिफ्ट किट?

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडे १९६५ ची शेवरोले इम्पाला आहे. उजव्या स्टिअरिंगची, २८३ व्ही-८ म्हणजे ४.६ लिटरचं इंजिन, आणि मूळचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. बाबांनी १९८१ साली मुंबईत घेतली आणि स्वतः चालवत गोव्यात आणली. ही गाडी शोभेला ठेवायची नाही. म्हार्दोळला देवळात, पणजीला कामाला, वर्षातून दोनदा अनमोड घाटातून बेळगावला आत्याकडे, अशी ती चालते आणि पुढेही चालायला हवी.

मागच्या मे महिन्यात रिव्हर्स घसरायला लागला. अंगणातून गाडी मागे घेताना इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. गिअरबॉक्सचा तळाचा पॅन उतरवला तर तेलाचा लाल रंग गेलेला, काळपट तपकिरी झालेलं, करपलेला वास. तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ होता. लोहचुंबक फिरवलं, फारसं काही चिकटलं नाही. बोटांत चोळून पाहिलं तेव्हा कळलं की ते क्लच प्लेटांचं अस्तर आहे. कारणही नंतर सापडलं. ज्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं तिथे इंजिन बंद ठेवून डिपस्टिक बघितली होती. इंजिन बंद असलं की कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं आणि पातळी आहे त्याहून वर दिसते. म्हणजे वर्षभर गाडी कमी तेलावर पळाली. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण डिपस्टिक दाखवली तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

आता मुंबईच्या एका जुन्या पार्टवाल्याकडून टीएच-३५० मिळाला आहे. पॅनला १३ बोल्ट, पॅनचा एक कोपरा कापल्यासारखा, मागे ६ इंची टेल हाउसिंग, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही. लांबी पॉवरग्लाइडच्या जवळपास तेवढीच, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापायची गरज पडू नये. प्लेटा, सील, सगळं नवीन घालणार आहे. गिअरबॉक्स उघडाच पडलाय, तेव्हा व्हॉल्व्ह बॉडीचा (तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) निर्णय आत्ताच घ्यायला हवा.

खरा प्रश्न बाबांचा आहे. वय ७४. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. पण गिअर स्वतः टाकल्याशिवाय त्यांना गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. पॉवरग्लाइडवरसुद्धा घाट आला की स्टिअरिंगजवळची दांडी ते आपणहून एलवर (लो, खालचा गिअर) ओढायचे, आवाज ऐकायचे आणि मग ब्रेकवरचा पाय काढायचे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, गाडी दीड टनाहून जड. अनमोड उतरताना नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहिलं तर मोलेला पोचेपर्यंत ड्रम तापून पेडल लाकडासारखं होतं. म्हणून हाताने गिअर बदलणं ही आमच्याकडे हौस नाही, गरज आहे.

डिफरन्शियलचे दाते मोजले, ११ आणि ३७, म्हणजे ३.३६. टायरच्या मापाने हिशेब केला तो असा: ताशी ४० ला दुसऱ्या गिअरमध्ये साधारण १६०० आरपीएम, ताशी ६० ला २४००. घाटासाठी हे मला अगदी योग्य वाटतं. पहिल्यात मात्र ताशी ६० ला ४००० आणि ८० ला ५३००.

आता विचारायचं ते विचारतो.

फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी घेतली तर गिअर आपोआप बदलणारच नाही, पूर्ण ताबा हातात. त्यातही रिव्हर्स पॅटर्न मिळतो, न्यूट्रलनंतर एक-दोन-तीन असा. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना दांडी जास्त सरकली तरी न्यूट्रलमध्ये जायची भीती नाही. पण आमच्या स्टिअरिंग कॉलमवर पी, आर, एन, डी, एल एवढीच घरं आहेत. मग फ्लोअर शिफ्टर घालावा लागेल, म्हणजे पुढची सलग सीट कापायची. ती सीट कापायला माझा हात धजत नाही.

दुसरा मार्ग शिफ्ट किटचा, म्हणजे मूळ व्हॉल्व्ह बॉडी ठेवून तिच्यात थोडे बदल करायचे. डीवर आपोआप बदलेल, खाली ओढलं की त्या गिअरला धरून ठेवेल. रोज चालवणाऱ्या कुणी हे दोन्ही वापरून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. चवथीपूर्वी गाडी अंगणाबाहेर काढायची आहे.

घाटमाथा, बेळगाव

माझ्या मित्राच्या शेवरोले नोव्हामध्ये फुल मॅन्युअल आहे, मी ती दोन वर्षं चालवली. मोकळ्या रस्त्यावर फार आनंद देते. शहरात मात्र प्रत्येक सिग्नलला दांडी पहिल्यावर आणावी लागते. एकदा जरी विसरलात तर गाडी तिसऱ्यातून उठते. उठते म्हणजे बंद पडत नाही, कन्व्हर्टर घसरत राहतो आणि सगळी उष्णता तेलात जाते. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये ७४ वर्षांच्या माणसाला हे दर पन्नास मीटरवर करायला लावू नका.

दुसरं, बऱ्याच फुल मॅन्युअल बॉड्यांमध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनावरच्या भाराप्रमाणे तेलाचा दाब कमी-जास्त करणारा भाग) काढून टाकतात आणि तेलाचा दाब कायम वर ठेवतात. ॲक्सिलरेटर अर्धा असो की पूर्ण, गिअर सारख्याच धक्क्याने पडतो. रेससाठी ते ठीक. साठ वर्षांच्या गाडीचे युनिव्हर्सल जॉइंट आणि इंजिन माउंटिंग तो धक्का रोज खातात.

लाल_चिरा, म्हापसा

दादा, मी फक्त गव्हर्नरबद्दल (गाडीच्या वेगाप्रमाणे गिअर ठरवणारा भाग) बोलतो, कारण कुणी त्याचा विचारच करत नाही. मूळ टीएच-३५० मध्ये वेगात असताना दांडी एकदम पहिल्यावर ओढली तरी गिअरबॉक्स आधी दुसऱ्यावर थांबतो, वेग उतरल्यावरच पहिला देतो. तो आपला राखणदार आहे. फुल मॅन्युअलमध्ये त्याला घालवून देतात. तुम्हीच हिशेब मांडलाय, ८० ला पहिल्यात ५३००. आणि ते पावसात, चिऱ्याच्या लाल चिखलाने माखलेल्या वळणावर झालं तर मागची चाकं अडकल्यासारखी होऊन गाडी फिरेल. शिफ्ट किट घेतानाही सूचना नीट वाचा. काही किटमध्ये कुठल्याही वेगाला पहिला पडू देण्याची सोय असते. ती करू नका.

घाटमाथा, बेळगाव

लाल_चिरा यांचं अगदी बरोबर. आणि घाटात खरं काम दुसऱ्या गिअरचं आहे, पहिल्याचं नाही. दुसऱ्यात दांडीने धरल्यावर इंजिन ब्रेकिंग देणारा बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) आतून वेगळा असतो, तो बारीक आहे. बॉक्स उघडलाच आहे तर तो बँड आणि त्याच्याजवळचा दुसऱ्या गिअरचा रोलर क्लच, दोन्ही नवीन घाला. टीएच-३५० ची ती कमजोर जागा आहे.

जुनी_चाकं, पुणे

७००आर४ या चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा विचार केला का? पहिल्याचं गुणोत्तर ३.०६ आणि वर ओव्हरड्राइव्ह ०.७०. पेट्रोल वाचेल.

मूळ धागाकर्ता, फोंडा

केला होता, पण त्याची थ्रॉटल केबल थोडी जरी चुकीची लागली तरी आतला दाब पडतो आणि क्लच जळतात. एकदा जळका गाळ हातात घेतल्यावर ती जोखीम नको वाटते. टीएच-३५० ची किकडाउन केबल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) नीट नसली तर फक्त किकडाउन मिळत नाही, बॉक्स सुरक्षित राहतो. शिवाय आमचा जास्तीत जास्त वेग ८०.

सगळ्यांचं वाचून शिफ्ट किटकडेच मन वळतंय. मॉड्युलेटर आणि गव्हर्नर दोन्ही जागेवर, दांडी कॉलमवरच. घरं जुळवायला आतली खाचांची पट्टी बदलावी लागेल, ती करून देणारा एक फिटर मडगावात आहे. व्हिंटेज नोंदणीचं मध्येच कुणीतरी विचारलं होतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए मालिकेतली, म्हणजे व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

लाल_चिरा, म्हापसा

मग तीन गोष्टी लक्षात ठेवा. फ्लेक्सप्लेटवर (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी दातेरी तबकडी) कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ १०.७५ इंच आहे की ११.५, ते आधी मोजा. बॉक्स इंजिनाला आवळल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढायला ३ ते ५ मिमी जागा उरली पाहिजे. जागाच उरली नाही तर तो बॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलेला नाही, तसाच बोल्ट आवळला तर पंप फुटतो. तिसरं, रेडिएटरच्या पुढे वेगळा ऑइल कूलर लावाच.

आणि तेल इंजिन चालू, गरम, पार्कमध्ये ठेवून मोजा.

मूळ धागाकर्ता, फोंडा

आज मोजलं. फ्लेक्सप्लेटवर १०.७५ चीच भोकं आहेत, कन्व्हर्टर आलाय तो ११.५ चा. दोन्ही मापांची भोकं असलेली फ्लेक्सप्लेट मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात कुणाकडे पडून असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. २८३ ला बसणारी हवी, दाते १५३ की १६८ ते स्टार्टर बघून उद्या लिहितो. बाबा आज सकाळपासून शेडमध्ये खुर्ची टाकून बसलेत, कॉलमची सुटी दांडी मांडीवर घेऊन रॉकेलने पुसताहेत.