अनुभव धागा : पोट्टे, मोबाईल अन् रात्र

यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या खेड्यांतले अनुभव हवे आहेत. "मोबाईल वाईट" एवढंच लिहू नका, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पोरगं कधी आणि कशासाठी त्यात बसतं, झोपेचं-जेवणाचं काय झालं, ते सांगा. मुलांची नावं नकोत.

शेतकरी, दारव्हा तालुका
आमच्याकडं शेतीची लाईन रात्रीची. हरभऱ्याच्या ओलिताले मी रात्री वावरात जातो, पहाटे येतो. त्याची माय दिवसभर कापूस वेचून आलेली, पडली का झोपते. म्हणजे घरात जागे दोघंच, दहावीतलं पोट्टं अन् मोबाईल. मी आलो का वाकळीतून उजेड दिसे. सकाळची यष्टी हुकली का शाळा बुडे. हिसकला त ताट फेकलं, दोन दिवस जेवला नाही. म्हातारी म्हणे, बाहेरचं पाहून घ्या. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराले नेला. डॉक्टरनं मोबाईलचं कमी अन् झोपेचंच जास्त विचारलं. आता ओलिताले जातानी फोन माह्यासंगं जाते. तिथं तसाही टावर नाही!

बारावीची विद्यार्थिनी, रिसोडकडची
माझा स्वतःचा फोन नाही, दादाचा वापरते. कोणीतरी माझा फोटो लावून खोटं अकाउंट उघडलं. दिवसातून कितीदा तरी मी ते उघडून बघायचे, खाली नवं काय लिहिलंय म्हणून. घरच्यांना वाटे, पोरगी मोबाईलच्या नादी लागली. खरं सांगितलं असतं तर कॉलेज बंद आणि स्थळं सुरू. मैत्रिणीच्या फोनवरून १४४१६ लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. त्या ताईंनी आधी घरातलं एक माणूस निवडायला लावलं. मी काकूला सांगितलं.

मोठा भाऊ, आर्णी
२०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर हा मोबाईल गेम सरकारनं बंद केला, तर आमचे बंधुराज त्याच्याच दुसऱ्या रूपावर, फ्री फायर मॅक्सवर गेले. बंदीनं काय होते बावा! वर्गात मागच्या बाकावरचा, पण गेममध्ये पोट्टे त्याले लीडर म्हणत. हे त्यानंच सांगितलं, कबड्डीच्या मैदानावर बसून.

समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय
फोन हातात दिसला की "व्यसन" म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे. सरसकट इंटरनेटचा वेगळा आजार नाही. ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं, असं पाहतात. माझ्याकडं येणाऱ्या पुष्कळ पोरांत खाली उदासी किंवा भीती निघते. आधी काय आलं, फोन की उदासी, हे दर वेळी सांगता येत नाही. पालकांना मात्र एका वाक्यात उत्तर हवं असतं.

शिक्षिका, आश्रमशाळा
आमच्याकडं फोन बंद. पण दिवाळीहून परतलेली पोरं आठवडाभर चिडचिडी असतात, झोपत नाहीत. वसतिगृहाचा अनुभव कोणाला असेल तर पहिले आठ दिवस कसे काढता, ते लिहा.