तिसरीतल्या मुलाचं नाव रोज फळ्यावर, टीचरशी कसं बोलू?

भांडुपची_आई
मुलगा तिसरीत, मराठी मीडियम, अनुदानित शाळा. या वर्षी मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो, पुढे फुल्या, आणि शुक्रवारी टीचर त्याचा फोटो काढून पालकांच्या वॉट्सॅप ग्रुपवर टाकतात. आमचे चिरंजीव कायम टॉपला. आता सोमवार उजाडला की पोटात दुखतं, रडारड, शनिवार-रविवार एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. टीचर वाईट नाहीयेत हो, पन्नासच्या वर पोरं आणि त्या एकट्या, त्यामुळे भांडायचं नाहीये पण हे थांबायला हवं. नवरा म्हणतो आम्हाला तर छड्या पडायच्या, काय बिघडलं आमचं?

नऊची_लोकल
थोडी शिस्त हवीच की. घरी काही बोलायचं नाही, शाळेत बोलायचं नाही, मग पोरं ऐकणार कोणाचं?

खडूवाल्या_बाई
शिस्त नको कोण म्हणतंय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ बघा, मारण्यावर बंदी आहेच पण मुलाला मानसिक त्रास देण्यावरही आहे. त्याच कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, ते कुठे दिसतं तो वेगळाच विषय 😄

मी पालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवून रिटायर झाले. नाव लिहिलं की वर्ग पाच मिनिटं चिडीचूप, मग परत तेच, आणि ज्याचं नाव रोज येतं त्याला पुढे पुढे त्याचं काही वाटेनासंही होतं, नाहीतर तुमच्या मुलासारखं पोटात गोळा येतो. माझ्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावरून सारखा शेजारच्याशी बोलायचा. जवळ जाऊन उभी राहिले तर विचारत होता, "पुढचा आकडा काय लिहिलाय?" फळाच दिसत नव्हता त्याला! चष्मा लागला, पुढे बसवला, बडबड निम्मी झाली. म्हणून टीचरना आधी हे विचारा, तो नक्की कधी बोलतो, कोणत्या तासाला, कोणाशी.

भांडुपची_आई
डोळे मागच्याच वर्षी तपासलेत बाई, नॉर्मल. पण तो म्हणतो गणितात त्याचं पटकन होतं आणि मग बसून काय करू.

खडूवाल्या_बाई
मग झालं की! गणित संपलं की वह्या गोळा कर, फळा पूस, बाजूच्याला समजाव, असं काहीतरी काम द्यायला सांगा. रिकामा हात वळवळणारच.

चेंबूर_समुपदेशक
शाळेत काउन्सेलर आहे म्हणून दोन गोष्टी. एक, पोटदुखीला नाटक म्हणू नका, टेन्शनने मुलांचं पोट खरंच दुखतं, आणि घरी आल्या आल्या "आज नाव आलं का" हा प्रश्न पूर्ण बंद. दुसरं, नावांच्या जागी स्टारचा तक्ता लावला की प्रश्न सुटला असं पण नाही, कारण स्टार त्याच चार पोरांना मिळतात आणि बाकीचे आठवड्यात नाद सोडतात. त्यापेक्षा एका वेळी एकच सवय घ्यायची, समजा हात वर करून बोलणं, आणि ज्या क्षणी त्याने ते केलं तेव्हाच हळूच सांगायचं, "आज हात वर केलास, बरं वाटलं." नुसतं गुड बॉय म्हटलं तर कशाबद्दल ते पोराला कळत नाही. टोकायचं असेल तर बाकाजवळ जाऊन, ग्रुपवर कधीच नाही.

कुर्ला_वेस्ट
सरळ १०९८ ला कम्प्लेंट करा ना.

चेंबूर_समुपदेशक
अहो ती चाइल्ड हेल्पलाइन आहे, इथे आधी टीचर, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. अनुदानित शाळेत त्या समितीत पाऊण सभासद पालकच असतात, त्यांना गाठा.

भांडुपची_आई
गुरुवारी शाळा सुटल्यावर वेळ दिलीये टीचरनी. सुरुवात कशी करू, मला तर आधी रडूच येईल.

खडूवाल्या_बाई
आलं तर येऊ दे. तक्रारीचं लेटर नेऊ नका, डॉक्टरांचा कागद न्या. सोमवारचं पोट सांगा, गणिताचं सांगा, आणि फोटोचं शेवटी पण स्पष्ट सांगा, तेवढं मात्र गुळमुळीत नको.