मदत हवी आहे: 'मीडिया सर्कस' मराठीत कशी उतरवू?

मंडळी, दुपारपासून एकाच वाक्यावर अडून बसलोय.

म्हापशाला असतो, इंग्रजीचं मराठी करून देतो. हातात एका मुलीचा लेख आहे. घरात अकाली मृत्यू, आणि पुढे आठवडाभर दारात कॅमेरे. ती लिहिते, आमच्या दुःखाची 'मीडिया सर्कस' झाली.

आधी शब्द तसाच ठेवला. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणते, "म्हणजे पत्रकारांची ओढाताण झाली?" तिचं चुकलं नाही. 'डबा, शाळा, ऑफिस, नुसती सर्कस चाललीय' म्हणतो तेव्हा आपल्याला तारेवरची कसरतच म्हणायची असते. इंग्रजीत रोख वेगळा: मूळ घटना राहते बाजूला, गोंगाटच मोठा. बाकी सर्कस आपल्याला परकी नाही हो, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० सालीच 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली होती.

'तमाशा' अर्थाला बसतो, पण एका कलेचं नाव शिवीसारखं वापरायला हात धजत नाही. 'जत्रा' तर गोव्यात चालणारच नाही. इथे जत्रा म्हणजे देवाची पालखी, रात्री नाटक, घरी परतताना खाज्यांची पुडी. 'धुडगूस' म्हटलं की मोडतोड आली. तिथे कुणी काही मोडलं नव्हतं. तुळशीवृंदावनाला वायर गुंडाळली होती आणि सोप्यावर बसलेल्या आजीच्या तोंडापुढे माईक धरून विचारत होते, "आता कसं वाटतंय?"

कृपया 'मीडिया ट्रायल' सुचवू नका. ती भानगड निराळी, कोर्टाआधी निकाल देण्याची. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून वाहिन्यांना सुनावलंही होतं. इथे कुणावर आरोपच नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: 'आमच्या दुःखाचा बाजार मांडला'. कानाला एकदम आपलं वाटतं. पण दोन शंका आहेत. एक, बाजारात पैशाचा वास येतो. सर्कशीतली बघ्यांची गर्दी, तो हास्यास्पदपणा गळतो. दुसरी जास्त छळते. मुलीने 'झाली' लिहिलंय, कुणी केली ते नाही. सर्कस नुसती 'होते', बाजार मात्र कुणीतरी 'मांडतो'. तिने ज्यांना दोष दिला नाही त्यांना तो मी अनुवादातून द्यावा का?

उद्या दहापर्यंत पाठवायचंय. 'होणे'वर भागेल असं काही सुचतंय कुणाला?